नळाला अस्तर

सरकारी मराठीत त्याला 'पर्जन्यजलवाहिनी' म्हणतात. मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे या शब्दावर थोडं हसण्याचा अधिकार मला आहे असं मी मानते. शब्द तसा चुकीचा नाही, पण आमच्या गल्लीत तो कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. आम्ही 'गटार' म्हणतो. अगदीच स्पष्ट करायचं असेल तर 'पावसाळी गटार'. घरातल्या मोरी-संडासाचं पाणी नेणारी ती मलवाहिनी, म्हणजे आपलं ड्रेनेज. आणि रस्त्यावर पडलेलं पावसाचं पाणी नाल्यात नेऊन सोडणारं ते पावसाळी गटार. कागदावर ही दोन वेगळी घराणी आहेत. प्रत्यक्षात आपल्याकडे अनेक शहरांत त्यांची सोयरीक केव्हाच झालेली असते. पुढे हा मुद्दा लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर आज लिहायचं आहे ते असं जमिनीखालचं गटार फुटलं, तर रस्ता न खणता ते कसं दुरुस्त करतात याबद्दल. आता तुम्ही म्हणाल, बाईंना या वयात हा कसला नाद लागला! पण २०२४च्या फेब्रुवारीत हे काम मी आमच्या दारासमोर बारा-तेरा दिवस पाहिलं आणि तेव्हापासून तो विषय डोक्यातून जात नाही.

निवृत्तीनंतर आम्ही मुंबई सोडून दुसऱ्या एका शहरात राहायला आलो. शहराचं नाव मुद्दामच लिहीत नाही. गल्ली कुठलीही समजा. दोन्ही बाजूंना जुन्या दोन-तीन मजली इमारती, सकाळी भाजीवाल्यांच्या हातगाड्या, एक पिठाची गिरणी आणि मधोमध एक भलामोठा पर्जन्यवृक्ष. त्या झाडाच्या अलीकडे रस्त्याला हळूहळू खळगा पडायला लागला. त्यावर खडी-डांबर टाकलं. चार महिन्यांत पुन्हा खळगा. पुन्हा डांबर. तिसऱ्यांदा खळगा पडला तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "बाई, हा खड्डा वरून नाही पडत, खालून पडतोय."

त्याचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. जमिनीखाली साधारण नऊ फुटांवर साठ सेंटिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप होता, ज्याला आपल्याकडे ह्यूम पाइप म्हणतात तो. असे पाइप अडीच-अडीच मीटरचे तुकडे एकमेकांत बसवून टाकलेले असतात. वरची माती सरकते, जड गाड्या जातात, झाडाची मुळं पाण्याच्या ओढीने सांध्यात शिरतात आणि सांधा उघडतो. नुसता सांधा उघडला म्हणून लगेच काही होत नाही. पावसाळ्यात पाइप तुडुंब भरला की पाणी त्या फटीतून बाहेर मातीत जातं. पाऊस ओसरला की तेच पाणी परत पाइपात येतं, आणि येताना एकटं येत नाही, मूठभर माती घेऊन येतं. प्रत्येक जोरदार सरीला ही ये-जा. माती नाल्याला जाते आणि पाइपाच्या भोवती पोकळी होते. पोकळीचं छत थोडं थोडं खाली पडत राहतं, म्हणजे पोकळी वरवर चढते. शेवटी वर फक्त डांबराचा थर उरतो. त्याच्यावरून सायकल जाते, रिक्षा जाते, आणि एक दिवस वाळूचा ट्रक येतो.

खणायचं म्हटलं तर काय काय झालं असतं ते गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नऊ फूट खोल चर म्हणजे दोन्ही बाजूंना आधार देऊन बारा-पंधरा फूट रुंदीचा रस्ता गेला. त्यात पाण्याची लाइन, गॅसची लाइन, फोनच्या तारा. हातगाड्या दोन महिने कुठे उभ्या राहणार? आणि झाड तर गेलंच असतं, कारण त्याची निम्मी मुळं चराच्या वाटेत होती. म्हणून जेव्हा कळलं की खणणार नाहीत, आतूनच दुरुस्त करणार आहेत, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. थोडा अविश्वासही वाटला.

आधी आली जेटिंगची गाडी. प्रचंड दाबाच्या पाण्याची नळी पाइपात सोडून गाळ सुटा करायचा आणि दुसऱ्या गाडीने तो ओढून घ्यायचा. वरच्या बाजूच्या चेंबरमध्ये रबराचा मोठा फुगा फुगवून पाणी अडवलं होतं आणि पंपाने ते पुढच्या चेंबरमध्ये सोडत होते. फेब्रुवारी महिना, महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही, तरी अडवायला पाणी होतं! ते कुठून आलं असेल ते मी वर सांगितलंच आहे.

गाळ गेल्यावर कॅमेरा सोडायचा, असा क्रम. चार चाकांची, कपाळावर दिवा लावलेली एक छोटी गाडी असते, ती पाइपातून सरपटत जाते आणि वर व्हॅनमध्ये पडद्यावर चित्र दिसतं. पण कॅमेरा जाण्याआधीच काम अडलं. झाडाखाली पोचल्यावर जेटिंगची नळी पुढे जाईना. मुळांचं मोठं जटाजूट आणि त्यात अडकलेले विटांचे तुकडे.

मुकादमाने इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "पोराला सोडतो पाच मिनिटं. काढून येईल हाताने." पोरगा सडपातळ होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याने शर्ट काढायला सुरुवातही केली होती.

कामावरचा इंजिनिअर तरुणच होता. तो म्हणाला, "कोणी उतरणार नाही."

"साहेब, पावसाचं गटार आहे, ड्रेनेज नाही."

"असू दे. मीटर आणल्याशिवाय झाकणाच्या खाली पायसुद्धा टाकायचा नाही."

मग काय, त्या दिवशी काम बंद. गल्लीत कुरकुर सुरू झाली. हातगाड्या आधीच बाजूला हलवल्या होत्या, त्यांचा दिवस बुडत होता. ती कुरकुर मला समजत होती. पण आमच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या वेळी माणसं उतरायचीच की! हल्ली सगळ्यांचे लाड." ते ऐकलं आणि मला एकदम १९८३ साल आठवलं.

तेव्हा मी मुंबईत सहावीच्या वर्गाला शिकवत होते. वर्गातल्या एका मुलाचे वडील पालकसभेला आले, पण आत येईनात. दाराबाहेर उभे. मी दोनदा बोलावलं तर म्हणाले, "बाई, मी इथूनच ऐकतो. कामावरून तसाच आलोय." ते जमिनीखालच्या गटारांत उतरून काम करत. पुढे तीन-चार वेळा त्यांच्याशी बोलणं झालं. मुलगा हुशार होता, त्यामुळे ते सारखे चौकशीला यायचे. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की मुंबईच्या रस्त्यांखाली विटांच्या कमानींची गटारं आहेत, माणूस वाकून चालू शकेल एवढी. इंग्रजांच्या काळातली, आता शंभराहून जास्त वर्षांची. ते सांगायचे, झाकण उघडून आधी वाट बघायची. आत झुरळं फिरताना दिसली तर हवा बरी. झुरळंही दिसली नाहीत तर लांब व्हायचं. उतरल्यावर हाताने विटा चाचपत जायचं. कुठली वीट हलते, कुठे सांध्यातला चुना गेलाय, ते बोटांना कळतं. हलणारी वीट सापडली की घमेल्यात कालवलेलं सिमेंट खाली मागवायचं आणि तिथेच बसून थापीने भरायचं.

म्हणजे रस्ता न खणता आतून दुरुस्ती करणं ही काही नवी विद्या नव्हे. आमच्या शाळेच्या दाराबाहेर उभा राहणारा तो माणूस आयुष्यभर तेच करत होता. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे त्याची बोटं, आणि हवा तपासायचं यंत्र म्हणजे झुरळ. मुलगा पुढे शिकला, चांगल्या नोकरीला लागला. वडील मात्र साठीही गाठू शकले नाहीत. शेवटची वर्षं खोकल्यात गेली, असं मुलानेच मला सांगितलं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या जातींच्या वाट्याला आलं, ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

कायदा आता आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध पहिला १९९३चा. दुसरा २०१३चा, ज्यात गटारात माणूस उतरवून धोकादायक साफसफाई करून घ्यायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा कामात गेलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायचा निकाल दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. केरळात तिरुवनंतपुरममध्ये २०१८ साली काही तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव आणला. बँडिकूट म्हणजे आपली घूस! नाव अगदी चपखल आहे. आणि तरीही गटारात उतरून माणसं गेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. थांबत का नाहीत ते मी आमच्या दारात पाहिलं. मुकादम काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला यंत्र येईपर्यंतचा एक दिवस वाचवायचा होता, एवढंच. आणि 'पावसाचं गटार' या नावावर त्याचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मीटर आला. मोबाइलएवढं एक यंत्र, दोरीला बांधून चेंबरमध्ये सोडलं. सहा-सात फुटांवर गेलं नाही तोच ते किंचाळायला लागलं. इंजिनिअरने मला आकडा दाखवला आणि सांगितलं की हा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू; मैलापाणी साचून सडलं की होतो. थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकाची जाणीवच मरते, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं की हवा सुधारली. मुकादम गप्प उभा होता. मी त्या पोराला आमच्या पायरीवर बसवून चहा दिला. कितवीपर्यंत शिकलास, तर म्हणाला नववी. शेजारच्या गृहस्थांनाही मी तो आकडा सांगून आले.

तिसऱ्या दिवशी मुळं कापायचं यंत्र आलं, गरगर फिरणाऱ्या साखळ्यांचं. त्याने रस्ता मोकळा केला, कॅमेरा गेला, आणि मी व्हॅनच्या दारात उभी राहून पाहिलं. चार सांधे उघडलेले. एका ठिकाणी पाइपाच्या छताला लांब उभी चीर. आणि झाडाच्या अलीकडे, जिथे वर खळगा पडत होता बरोबर तिथे, बशीएवढं भोक आणि त्यापलीकडे नुसता काळोख. ती पोकळी होती. आम्ही रोज तिच्यावरून भाजी आणायला जात होतो.

आता मुख्य काम. ज्यांनी शिवणकाम केलं आहे त्यांना ते लगेच कळेल. पोलक्याची किंवा परकराची नाडी आपण घरी शिवतो तेव्हा पट्टी आधी उलटी शिवतो, मग टोकाला सेफ्टी पिन लावून ती आतल्या आत ओढत सुलटी करतो. अगदी तसंच. जाड नमद्यासारख्या कापडाची पाइपाच्या मापाची नळी असते. तिला एका बाजूने प्लॅस्टिकचा लेप आणि बाकीचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे एका चिकट रसायनात, चिंब भिजवलेलं. हे रसायन उष्णतेने कडक होतं, म्हणून ती नळी थंड ठेवलेल्या गाडीतून येते. चेंबरवर लोखंडी मचाण बांधतात, नळीचं तोंड उलटून तिथे घट्ट बसवतात आणि वरून पाणी सोडतात. पाण्याच्या वजनाने नळी उलटत उलटत पाइपात पुढे सरकत जाते. जाता जाता तिची रसायनाची बाजू जुन्या पाइपाला चिकटते आणि लेपाची गुळगुळीत बाजू आत राहते. सेफ्टी पिनीचं काम पाणी करतं! मग तेच पाणी बॉयलरमधून फिरवून ऐंशीएक अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, काही तास तसंच ठेवायचं आणि सावकाश निववायचं. कापड कडक होतं. जुन्या पाइपाच्या आत एक नवा पाइप तयार, आणि त्याला मधे सांधा एकही नाही. मग मुळांनी शिरायचं कुठून?

ही युक्ती एरिक वूड नावाच्या इंग्रज माणसाची. १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात विटांच्या शंभरेक वर्षं जुन्या गटाराला त्याने पहिल्यांदा असं अस्तर घातलं. अमेरिकेतलं पेटंट त्याला १९७७ साली मिळालं. १९७१ म्हणजे मी बी.ए. झाले ते वर्ष. आपल्याकडे दिल्लीतल्या जुन्या मोठ्या मलवाहिन्यांना अशी अस्तरं घालायचं काम या शतकाच्या पहिल्या दशकातच झालं. आता पाण्याऐवजी वाफेने पकवतात. काच-तंतूंची नळी असेल तर अतिनील दिव्यांची माळ आतून ओढत नेऊन त्या प्रकाशानेही पकवतात. याखेरीज दुसरे प्रकारही आहेत. मोठ्या पाइपात प्लॅस्टिकची पट्टी पेटीसारखी गुंडाळत नेऊन नळ बनवतात. किंवा जुना पाइप आतूनच फोडत जायचा आणि त्याच्या मागोमाग नवा ओढून आणायचा. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात गॅसच्या बिडाच्या नळांसाठी निघाली.

अस्तर पकल्यावर एक गंमत राहते. गल्लीतल्या जाळ्यांचे आणि इमारतींचे जोडपाइप ज्या तोंडांनी मोठ्या पाइपाला मिळतात, ती सगळी तोंडं अस्तराने बंद झालेली असतात. आधी कॅमेऱ्याने त्यांची अंतरं लिहून ठेवलेली असतात, शिवाय तिथे अस्तराला किंचित खळी पडलेली दिसते. मग कापणारा छोटा यंत्रमानव आत जाऊन एकेक तोंड पुन्हा उघडतो. हे नीट झालं नाही तर पाइप नवाकोरा आणि पहिल्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी.

आणि ती पोकळी? इंजिनिअरला मी हाच प्रश्न विचारला, कारण अस्तर पाइपाच्या आत आणि पोकळी बाहेर. तो म्हणाला, "बरोबर आहे, आजी. अस्तराने ती भरत नाही. ती वेगळी भरावी लागते." रस्त्याला दोन छोटी भोकं पाडून सिमेंटचा पातळ घोळ आत सोडला. सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत घोळ जात राहिला. बघणारे सगळे गप्प झाले होते. अस्तर घालून पोकळी तशीच सोडली तर रस्ता बसायचा तो बसणारच, फक्त दोष दुसऱ्यावर जाईल.

या पद्धतीचं नुसतं कौतुक मी करणार नाही. पाइप पूर्ण ढासळला असेल तर अस्तर घालता येत नाही. नळीला टेकायला काहीतरी हवं ना! पाइप फार दबून चपटा झाला असेल तरी नाही. पाइपाला मधेच पोट पडलं असेल, म्हणजे उतार बिघडून तिथे पाणी साचत असेल, तर अस्तरालाही तसंच पोट पडतं, कारण ते जुन्याचाच आकार घेतं. अशा ठिकाणी खणावंच लागतं. म्हणून वेळेवर पाहणं महत्त्वाचं. आकार टिकून आहे तोवरच हा इलाज. आणि अस्तर घातल्याने पाइपाचं तोंड थोडं लहान होतं. आतून गुळगुळीत झाल्यामुळे पाणी वेगाने जातं आणि ती तूट भरून निघते, पण मुळात पाइपच अपुरा असेल तर तो अपुराच राहतो. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, एवढ्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तिथे अस्तर काय करणार?

दुसरी गोष्ट त्या रसायनाची. त्याचा वास उग्र असतो, गोंद आणि रंग यांच्या मधला. त्यात स्टायरीन असतं आणि ते फुप्फुसांना चांगलं नाही. वाफेने पकवताना जो पांढरा धूर निघतो तो म्हणजे निरुपद्रवी वाफ, असं सांगितलं जायचं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली अशा कामांच्या जागी तपासणी केली, तर त्यात स्टायरीनसकट बरीच रसायनं निघाली. म्हणून मी विचारलं की हे तापवलेलं पाणी सोडणार कुठे? पावसाळी गटार तर थेट नाल्याला आणि नाला नदीला जातो. टँकर मागवलाय, असं उत्तर मिळालं आणि टँकर आलाही. मास्क मात्र निम्म्या माणसांच्या हनुवटीवर होते. मी एकेकाला वर्गातल्यासारखं सांगत होते, "वर घे रे." ते हसून वर घ्यायचे आणि मी वळले की पुन्हा खाली.

२८ जानेवारी २०२५ला जपानमध्ये सैतामा प्रांतातल्या याशिओ शहरात एका चौकात रस्ता खचला आणि त्यात एक ट्रक पडला, हे तुम्ही वाचलं असेल. खाली जवळपास पावणेपाच मीटर व्यासाची, १९८३पासून वापरात असलेली मलवाहिनी होती. मैल्यातून निघणारा तोच सडक्या अंड्यांचा वायू ओलसर छताला लागून त्याचं आम्ल होतं आणि ते सिमेंट खात जातं. खड्डा वाढत वाढत चाळीस मीटरपर्यंत रुंद झाला. बारा लाख लोकांना पाणी कमी वापरा म्हणून सांगावं लागलं. ट्रकचालक ७४ वर्षांचे होते. त्यांचा देह मे महिन्यात हाती लागला. बातमी वाचताना त्यांच्या वयाशी माझी नजर थबकली. आम्ही एकाच वयाचे. या वयात ते पहाटे उठून कामाला जाणारे, आणि रस्ता म्हणजे रस्ता असतो, या भरवशावर गाडी चालवणारे. आपण सगळे त्याच भरवशावर चालतो. जपानसारख्या काटेकोर देशात हे घडलं. आपल्याकडे तर पावसाळी गटारांतही मैलापाणी वाहतं, म्हणजे जे सिमेंट फक्त पावसासाठी घातलं होतं त्यालाही हे आम्ल खातंय.

आमच्या गल्लीत २०२४चा पावसाळा नीट गेला. पाणी तुंबलं नाही, खळगा पडला नाही, झाड उभं आहे. हातगाड्यांचे बारा-तेरा दिवस बुडाले. खणलं असतं तर दोन महिने बुडाले असते. कुरकुर करणारे शेजारी आता पाहुण्यांना अभिमानाने सांगतात की आमच्या रस्त्याखाली विलायती अस्तर आहे. मी ऐकते आणि काही बोलत नाही. माझ्या मनात मात्र त्या कामाचे सगळ्यात मोलाचे तास ते आहेत, जेव्हा काहीच काम चाललं नव्हतं. दोन गाड्या उभ्या, झाकण उघडं, गल्ली वैतागलेली, आणि एक तरुण मुलगा सगळ्यांचं बोलणं खात यंत्राची वाट बघत बसलेला. त्याला कुणी शाबासकी दिली नाही, म्हणून इथे देते.

तेव्हा तुमच्या रस्त्याला असा सारखा सारखा खळगा पडत असेल तर त्यावर डांबर टाकून गप्प बसू देऊ नका. आत कॅमेरा सोडला का विचारा. त्याचं चित्रण जपून ठेवायला सांगा, म्हणजे दहा वर्षांनी ताडून पाहता येईल. बाहेरची पोकळी भरली का विचारा, तापलेलं पाणी कुठे सोडलं विचारा. वय झाल्याचा हा एक फायदा असतो, आपण कुणालाही काहीही विचारू शकतो आणि लोक 'आजी, आजी' करत उत्तर देतात.

आणि कामाच्या पहिल्याच सकाळी, झाकण उघडायच्या आधी, हे विचारा की आत कोण जाणार आहे. "कॅमेरा जाईल" असं उत्तर आलं तर सगळ्यांना चहा द्या. "पोराला सोडतो पाच मिनिटं" असं आलं तर खुर्ची घेऊन चेंबरपाशी जाऊन बसा आणि मीटर येईपर्यंत उठू नका.